माळ्यावरची झाडं

इल्फर्ड
१४ जुलै २०२५

गर्शोन,

आणि वर हसतोयस. पांढरा कोट, गळ्यात बिल्ला, मागे फळीवर रांगेने डब्या, आणि मध्ये तू, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. हॅनाहने काल तिच्या फोनवर दाखवलं. म्हणाली, "आई, मामा बघ कुठे काम करतो आता." मी चष्मा लावून बघितलं. कुठल्याशा क्लिनिकचं औषधांचं दुकान. विचारलं, ह्या डब्यांत काय आहे ग? तिने फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, कॅनबिस.

गांजाच ना? सरळ गांजा म्हण की.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या शेडमध्ये उभा राहून काय ओरडला होतास, आठवतं का? हनुकाचे दिवस होते, खिडकीत सणाचे दिवे लावलेले. तुला आवडतात म्हणून मी घारगे तळले होते. ताट टाकून तू मागे गेलास, ह्यांची चार झाडं बघितलीस आणि असा ओरडलास की शेजारचा म्हातारा खिडकीत आला. "बाय, आजच्या आज टाकून दे. ह्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी फार्मासिस्ट आहे, माहीत असून गप्प बसलो तर माझं रजिस्ट्रेशन जाईल." घारगे तसेच ठेवून बर्मिंगहॅमला निघून गेलास. आणि मार्चमध्ये पोलीस आले.

माझ्या नवऱ्याने कोणाचं काय वाकडं केलं होतं? आयुष्यभर लंडनच्या ट्यूब रेल्वेच्या डेपोत गाड्या दुरुस्त केल्या. मग तो एमएस झाला, नसांचा आजार. पाय लाकडासारखे ताठ व्हायचे, जेवता जेवता घास हातातून उडायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसतं झोपायचे. त्या झाडाचं दोन थेंब तेल घेतलं की पाय सैल पडायचे आणि माणूस पोरीशी पत्ते खेळायचा. आपण शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू. आपल्या आजोबांचा नवगावला घाणा होता, ह्यांच्या आजोबांचा पेणला. ह्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःपुरतं तेल काढलं. एवढाच गुन्हा.

झाडं गेली, तेल गेलं, दोन वर्षांनी माणूस गेला. आणि ह्यांना जमिनीत ठेवून सहा आठवडे झाले तोच सरकारने सांगितलं, आता डॉक्टर लिहून देऊ शकतात.

तुझा पगार मी विचारत नाही. एवढंच सांग, डबीवर लेबल चिकटवताना तुला तुझ्या भावजींचं तोंड दिसत नाही का?

तुझा नंबर मी फोनवर बंद करून ठेवलाय, तो तसाच राहील. फोनवर तू रडतोस आणि मी शिव्या देते. लिहून पाठव.

रिवका


बर्मिंगहॅम
२४ जुलै २०२५

प्रिय बाय,

तुझं अक्षर पाकिटावर बघून मी आधी खुर्चीत बसलो. सात वर्षांनी आलं. आतमध्ये काय असेल ते माहीत होतं, तरी बरं वाटलं.

हो, मी हॉस्पिटल सोडलं. दोन वर्षं झाली. तुला वाटेल पैशासाठी. तसं वाटू दे.

कायदा बदलला, पण तू म्हणतेस तेवढा नाही बदलला. दार किलकिलं केलं आणि त्यात पाय अडकवून ठेवला. तुझा जीपी, नेहमीचा डॉक्टर, आजही हे सुरू करू शकत नाही. स्पेशालिस्टने लिहायचं, आणि सरकारी एनएचएसमध्ये लिहिणारा शोधून सापडत नाही. मग लोक आमच्यासारख्या प्रायव्हेट ठिकाणी येतात, ज्यांना झेपतं ते. ज्यांना झेपत नाही ते अजूनही शेडमध्ये झाडं लावत असतील. मला ते दिसत नाहीत, पण ते आहेत हे मला कळतं.

मी शेडमध्ये ओरडलो हे खरं आहे. मी घाबरलो होतो. मला वाटायचं, कायदा म्हणजे काहीतरी पक्कं, कोणीतरी हुशार माणसांनी विचार करून केलेलं. मग एका सकाळी तोच पाला, त्याचाच अर्क, माझ्या काउंटरवर आला आणि वरून सांगण्यात आलं की आता हे औषध आहे. त्याच्यात काही बदललं नव्हतं.

बाकी पोलिसांना कोणी कळवलं ह्याबद्दल तू जे समजतेस ते मी आजवर खोडलं नाही आणि आताही खोडत नाही.

दर वर्षी विचारतो तसं याही वर्षी विचारतो. भावजी गेले त्या तिथीला, सालाच्या दिवशी येऊ का? आपलं हिब्रू कॅलेंडर बघितलं, यंदा दिवा २८ सप्टेंबरला, रविवारी संध्याकाळी लागतो. मागे कोपऱ्यात उभा राहीन.

हॅनाह कशी आहे? टीचर व्हायला निघाली आहे असं कळलं. भावजींना किती आनंद झाला असता.

तुझा
गर्शोन


इल्फर्ड
४ ऑगस्ट २०२५

गर्शोन,

"खोडत नाही" म्हणे. एवढं शिकून एक साधं "नाही" लिहिता येत नाही तुला. का, तर ते खोटं होईल म्हणून. समजलं मला.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा. माझं नाव चौथीतून काढलं ते तुझ्यासाठी. तुझी पाटी पुसायची, तुझा भात कालवायचा, आणि तू पाढे म्हणायला लागलास की चुलीपुढे बसून मी पण ओठ हलवायचे. माझं सगळं शिक्षण एवढंच. ते तुला दिलं आणि तू त्याचं हे केलंस.

त्या सकाळचं तुला कोणी सांगितलं नसेल, मी सांगते. माझी केअर होमच्या किचनमधली पाळी उशिराची होती म्हणून मी घरी. दोन पोलीस आणि बरोबर एक बाई. दार उघडलं तर मला मॅडम म्हणाले आणि सरळ जिन्याने वर. माळ्याची शिडी खाली ओढली आणि चढले. शेडकडे ढुंकून बघितलं नाही. झाडं एकेक करून खाली आणली, काळ्या पिशवीत घातली. जाता जाता एकाची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीवर गेली. तिथे माझ्या सब्ज्याची कुंडी. मलिद्याच्या ताटात ठेवायला मी वर्षभर जपते ती. म्हटलं, अरे बाबा, ती देवाची आहे. हे खुर्चीतून म्हणाले, "ऑफिसर, वास घेऊन बघा, आम्ही ह्याचा वास घेऊन प्रार्थना म्हणतो." त्याने वास घेतला, मान डोलवली आणि कुंडी पिशवीत घातली. आजपर्यंत परत दिली नाही.

ह्यांना चौकीवर नेलं, व्हीलचेअरसकट. कोर्ट झालं नाही, ताकीद देऊन सोडलं. पण बरोबर आलेली ती बाई सोशल वर्कर होती. ती आठवड्याआड यायला लागली. हॅनाहची खोली बघायची, फ्रीज उघडून बघायची. शेवटी म्हणाली, घरात परत ते सापडलं तर मुलीचा विचार करावा लागेल. हे तुरुंगाला घाबरले नव्हते रे. मुलगी नेतील म्हणून घाबरले. त्यानंतर त्या तेलाचं नाव काढलं नाही.

तिकडे वेल्सला एमएसवाल्यांना त्याचाच तोंडात मारायचा स्प्रे मिळत होता, सरकारकडून. इकडे इल्फर्डला नाही. हे म्हणायचे, "रिवका, वेल्सचा पूल ओलांडला की मी पेशंट, अलीकडे मी चोर. पुलाच्या मध्यावर खुर्ची लावून बसतो." त्या दोन वर्षांत ह्यांनी केलेला हा एकच विनोद. मग पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. मग छातीत कफ.

शेवटच्या जुलैत रेडिओवर ऐकलं की ऑटमपर्यंत डॉक्टरांना परवानगी मिळणार. तेव्हा धड बोलताही येत नव्हतं. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "ऑटम म्हणजे नेमका कधी ग सुरू होतो?"

मी म्हटलं, आलाच. सप्टेंबरात गेले.

कबरस्तानच्या गेटवर मी तुला परत पाठवलं त्याची मला लाज नाही. गेलेल्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायला मुलगा नव्हता, सख्खा भाऊ नव्हता, मेहुणा होता तो मी गेटबाहेर ठेवला. सिनेगॉगमधल्या एका परक्या माणसाने म्हटली. ह्यांचं नाव दोनदा विचारून घेतलं त्याने.

यंदा मला साल घरात करायचं आहे, मलिदा करून, आपल्या मराठी प्रार्थना म्हणून. हॅनाह पुढच्या वर्षी कुठल्या गावच्या शाळेत असेल कोण जाणे. पण कद्दिशला दहा पुरुष लागतात आणि माझ्याकडे नऊ आहेत. आपली माणसं उरलीत कुठे. कोण इस्रायलला गेले, कोण वर गेले. दहावा मिळाला नाही तर नुसता दिवा लावीन. तुला बोलावणार नाही.

रिवका


बर्मिंगहॅम
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय बाय,

तुझं पत्र तीन दिवस बॅगेत घेऊन फिरलो. ट्रेनमध्ये काढायचो, सब्ज्याच्या कुंडीपर्यंत वाचायचो आणि परत घडी घालायचो. काल पूर्ण वाचलं.

ऑटमचं मला माहीत नव्हतं.

तू म्हणशील, आता तिथे बसून काय करतोस? सांगतो. औषध मोजतो, तपासतो, पार्सल बांधतो आणि फोन घेतो. मागच्या आठवड्यात डर्बीकडच्या एका बाईंचा फोन आला. नवऱ्याला एमएस. पार्सल एक दिवस उशिरा पोचलं होतं. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "रागावू नका, पण तुमचा कुरियरवाला पार्सल दारात ठेवून जातो ते नको. शेजारी बघतात. लेबल आतमध्ये असतं, हे औषध आहे ते बाहेरून लोकांना काय कळणार?" इतकी वर्षं झाली कायद्याला, तरी माणसं पडदा ओढून औषध घेतात. मी त्यांना म्हटलं, बाई, डबी लेबलसकट ठेवा, टेबलावर ठेवा, हे तुमचं औषध आहे. आणि फोन ठेवल्यावर मला वाटलं, हे वाक्य मला त्या हनुकाला तुझ्या शेडमध्ये म्हणता यायला हवं होतं.

भावजींनी मला इंग्लंडात आणलं. माझी परीक्षेची फी भरायला डेपोत रविवारच्या पाळ्या केल्या. ते तू विसरली असशील, मी नाही.

आणि एक विचारू? माझ्या डोळ्यांपुढून जात नाही म्हणून विचारतो. इतकी वर्षं मला वाटत होतं झाडं शेडमध्येच होती, तिथूनच नेली. माळ्यावर कधी गेली? त्या पायांनी भावजी शिडी कशी चढत असतील? आणि वर पाणी कोण न्यायचं, तू तर सकाळी कामावर.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तब्येत सांभाळ.

तुझा
गर्शोन


इल्फर्ड
१ सप्टेंबर २०२५

गर्शोन,

पाणी हॅनाह न्यायची.

शाळेतून आली की दप्तर टाकून, दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरून. खालून हे सांगायचे, डावीकडच्याला जास्त, उजवीकडच्याला कमी. ती वरून ओरडायची, "डन, डॅडी."

झाडं वर मी नेली. तू ओरडून गेलास त्याच आठवड्यात. तू परत आलास तर तुला दिसू नयेत म्हणून. तू त्यानंतर माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाहीस.

पोलीस शेडमध्ये गेले नाहीत. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. सरळ माळा.

पुढची ओळ मी दोनदा लिहून खोडली.

ज्याला फक्त त्या शेडचं माहीत त्याने पोलिसांना माळा कसा सांगितला? लवकर लिही. आणि वकिलासारखं लिहू नको.

रिवका


बर्मिंगहॅम
५ सप्टेंबर २०२५

बाय,

फोन मीच केला होता. माळ्याचं मी विसरलो होतो, कोणीतरी मला बोलता बोलता सांगितलं असेल. इतकी वर्षं झाली.

मीच केला. आता हा विषय संपव. तुला रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव, मला सवय आहे.

गर्शोन


इल्फर्ड
१५ सप्टेंबर २०२५

गर्शोन,

खोटं बोलायला तू लहानपणापासून नालायक. पाटलांच्या चिंचा चोरल्यास तेव्हा पण, बाय मी नाही, मी नाही म्हणत होतास आणि खिशातून चिंच लोंबत होती. मागच्या पत्रात विचारतोस माळ्यावर कधी गेली, आणि ह्या पत्रात माळ्याचं विसरलो होतो. आणि "कोणीतरी" कोण? तुझ्याशी बोलत कोण होतं आमच्याकडचं?

आता मी सांगते, तू ऐक.

पोलीस आले त्या आठवड्यात हॅनाह शाळेतून नाचत आली होती. कपाळावर सोनेरी चांदणी चिकटवलेली. मी मासे तळत होते. म्हणाली, "मम्मी, आज ड्रग्जचा लेसन होता. मिसने विचारला की कोणाला काय माहिती आहे. मला सगळ्यात जास्त माहिती होता. मिसने मला लंचला थांबवून सगळा ऐकला." मी म्हटलं, बरं, हात धू. तेल तापलं होतं, माझं लक्ष कढईत. पोरगी माझ्या मागे उभी राहून बोलत होती. मिसला मी सांगितलं डॅडीचं औषध वर आहे आणि पाणी मी घालते, हे तिने सांगितलं की नाही मला आठवत नाही. पण सांगितलंच असणार. तिला त्याचा अभिमान होता. बापाचं औषध ती वाढवत होती. बारा वर्षांची पोर.

म्हणून ती सोशल वर्कर बाई पोलिसांबरोबरच आली. मला इतकी वर्षं वाटायचं पोलिसांनी तिला आणलं. तिने पोलिसांना आणलं. शाळेतून फोन गेला होता.

आणि ह्यांना ते कळलं होतं. चौकीत कोणीतरी बोललं असेल. घरी आले ते कोट न काढता पोरीला जवळ घेऊन बसले, आणि मी विचारलं कोणी केलं हे, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "गर्शोन असेल." सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने कोणाबद्दल वाईट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. डेपोतल्या साहेबाने बोटं चिरडली तरी म्हणायचे त्याचं लक्ष नव्हतं. आणि तुझं नाव असं पटकन घेतलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि तू हाताशी होतास.

ह्यांनी तुला सांगितलं होतं ना? की रिवकाला तूच वाटू दे. तू कबूल झालास. वर कबरस्तानच्या गेटवरून परत गेलास तेव्हा एक शब्द बोलला नाहीस. पाऊस नव्हता तरी छत्री उघडून चालत गेलास. मी बघत होते.

ह्याचं उत्तर लिहू नको. मला कागदावर नको ते.

आता पुढचं. हॅनाहचं टीचरचं शिक्षण ह्या महिन्यात सुरू झालं. बुधवारी तिला शाळेत शिकवलं की एखादं मूल घरातलं काही बोललं तर टीचरने काय करायचं. मनात ठेवायचं नाही, मुलाला वचन द्यायचं नाही, लगेच वर कळवायचं, वरचे पुढे कळवतात. संध्याकाळी घरी आली. जेवली नाही. मी पोळ्या लाटत होते, ती दाराला टेकून उभी. तिथेच, जिथे तेव्हा उभी होती.

म्हणाली, "आई, पोलीस आला होता तो कुठला दिवस होता?"

मी विचारलं, कशाला?

"म्हणजे माझा लेसन झाल्यावर आला की आधी?"

गर्शोन, मी लाटणं खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर हात दिसले असते. म्हटलं, लेसनचा काय संबंध? तुझ्या मामाने फोन केला होता पोलिसांना. त्याने स्वतः मला पत्रात लिहून दिलंय, ह्याच महिन्यात. बघायचंय? आणि तुझी ती पाच तारखेची चिठ्ठी डब्यातून काढून तिच्या हातात दिली. तिला मराठी धड वाचता येत नाही, बोट ठेवून एकेक शब्द वाचला. फोन मीच केला होता. मीच केला. दोनदा वाचलं.

मग तिने श्वास सोडला. असा सोडला की मला वाटलं नऊ वर्षांचा होता. खाली बसली आणि रडली. मी पोळी तव्यावर टाकली.

थोड्या वेळाने तोंड पुसून म्हणाली, "मला वाटायचा मामा चांगला आहे. मला वाटायचा तुला काहीतरी गैरसमज झालाय. म्हणून तर तुला तो फोटो दाखवला." मग म्हणाली, "त्याला परत कधी घरी बोलवू नको."

तर हे असं झालं. खोटं तू लिहून पाठवलंस आणि मी ते वापरलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तू ते लिहिलंस तेव्हा तुला हेच पाहिजे होतं का, मला माहीत नाही. पण बरं झालं लिहिलंस.

खरं सांगायचा विचार केला मी. दोन दिवस केला. तिला सांगायचं की तू काही चुकीचं केलं नाहीस, टीचरने पण नाही केलं, कायदाच तसा होता, आणि नंतर तोच बदलला. सगळं खरं आहे. पण पोरगी एवढंच ऐकेल की डॅडी माझ्यामुळे गेले. मी कितीही समजावलं तरी ती तेवढंच ऐकेल. मी तिची आई आहे, मला माहीत आहे. आणि ह्यांनी ते मरेपर्यंत झाकलं, तर मी उघडणारी कोण.

मला अजून दहावा माणूस मिळालेला नाही. मिळाला असता तरी मी आता त्याला नको म्हटलं असतं. कद्दिश तू म्हणायची. परक्याने एकदा म्हटली, पुरे झालं. ह्यांचं नाव तुला कोणाला विचारावं लागणार नाही.

पण तुला त्या घरात दोषी म्हणूनच यावं लागेल. हे नीट समजून घे, मागाहून मला तोंड पाडून दाखवायचं नाही. हॅनाह तुझ्याशी बोलणार नाही. पाणी देणार नाही. मी तिला सांगणार की दहावा मिळत नाही, देवाच्या कामाला माणूस लागतो, म्हणून बोलावलं, माफ केलं म्हणून नाही. बाकीच्या नऊ जणांना पण तेच माहीत आहे, ते तुझ्याकडे बघतील. तू बघू देशील. ती काही लागट बोलली तर ऐकून घेशील. मलिद्याचं ताट फिरेल तेव्हा तुझ्या हातात मी देईन, दुसरं कोणी देणार नाही. आणि हे एकदाचं नाही. तिच्या लग्नात तसंच, मी मेल्यावर तसंच. माझ्यामागे तरी तिला सांगशील असं मनात आणू नको. मला तसं वचन पाहिजे.

मी तुझ्याशी सगळ्यांसमोर गोड बोलू शकणार नाही. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळेल. म्हणून मी तुला टाकूनच बोलेन, नेहमीसारखी. त्याचं तू काय समजायचं ते आता तुला माहीत आहे.

बर्मिंगहॅमला सब्जा मिळतो का बघ. मुळासकट मिळाला तर कुंडीत आण. इथे मिळतो तो बिनवासाचा. वास नसेल तर आणू नको, प्रार्थना वासावर म्हणायची असते.

घारगे करीन. सगळ्यांसाठी करायचेच आहेत.

सोमवारी २२ तारखेला संध्याकाळी आपल्या नवीन वर्षाचा दिवा लागतो. त्याच्या आत मला उत्तर पाहिजे. मंगळवारी नको, सणात मी फोन उचलत नाही. तुझा नंबर मी बंद करून ठेवला होता, तो कामावरच्या एका पोरीकडून उघडून घेतलाय. दुपारी तीननंतर हॅनाह घरी असते, तिच्यासमोर मला तुझ्याशी भांडावं लागेल, म्हणून तीनच्या आधी कर. जास्त बोलायचं नाही, रडायचं नाही. येतो किंवा येत नाही, एवढंच.

सोमवारी, तीनच्या आधी.

बाय